राणीचा संगीतकार : विल्यम बर्ड

राजसेवा आणि सदसद्विवेक यांचे जमेनासे झाले म्हणजे कलावंताने काय करावे? इंग्लिश संगीतकार विल्यम बर्ड (सुमारे १५४०–१६२३) याला हा प्रश्न जन्मभर पुरला. १५६३ मध्ये तो लिंकन कॅथीड्रलचा ऑर्गनवादक झाला. १५७२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या चॅपल रॉयलमध्ये दाखल झाला. १५७५ मध्ये राणीने त्याला व टॉमस टॅलिसला संगीतमुद्रणाचा २१ वर्षांचा मक्ता दिला. दोघांनी प्रत्येकी १७ मोटेटांचा संग्रह तिलाच अर्पण केला. लॅटिन धर्मवचनांवर रचलेले, अनेक आवाज एकमेकांत गुंफणारे समूहगान म्हणजे मोटेट.

परंतु राणी प्रॉटेस्टंट आणि बर्ड कॅथलिक! राजमान्य उपासनेला न गेल्याबद्दल त्याच्यावर खटले झाले. १५८९ व १५९१ च्या मोटेटांसाठी त्याने जेरुसलेमच्या विध्वंसाची व बंदिवासाची वचने निवडली. छळ सोसणाऱ्या स्वधर्मीयांना त्यांत आपलेच दुःख ऐकू येई. उतारवयात एसेक्समधील स्टॉन्डन मॅसी या खेड्यात राहून त्याने ‘ग्रॅड्युएलिया’चे दोन भाग (१६०५, १६०७) प्रसिद्ध केले. घराघरांतून चोरून होणाऱ्या उपासनेत मोजक्या गायकांनाही गाता यावे, अशा त्यातील कित्येक रचना आहेत. ‘आवे व्हेरुम कॉर्पुस’ हे चार आवाजांचे छोटे मोटेट त्यांतलेच.

बर्डने ना राजनिष्ठा सोडली, ना श्रद्धा. उघडपणे बोलता येत नव्हते, ते त्याने स्वरांच्या हवाली केले.