'शारदा कायदा' आणि अजमेरचे हरबिलास सारडा



'शारदा कायदा' हे नाव आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. हे नाव देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकावरून पडले, अशी अनेकांची समजूत आहे. ती स्वाभाविकही आहे, कारण १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचीच कथा आहे. पण कायद्याचे नाव आले ते एका माणसाच्या आडनावावरून. अजमेरचे दिवाणबहादूर हरबिलास सारडा हे ते गृहस्थ. 'सारडा'चे 'शारदा' झाले! या वेळी त्यांची ओळख करून घेऊ या.

हरबिलासजींचा जन्म ३ जून १८६७ रोजी अजमेरला एका माहेश्वरी कुटुंबात झाला. वडील तिथल्या सरकारी कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे पुस्तकांचा सहवास लहानपणापासूनच. १८८३ साली स्वामी दयानंदांचे निधन अजमेरलाच झाले, तेव्हा हरबिलास सोळा वर्षांचे होते. स्वामीजींच्या मते लग्नाच्या वेळी मुलगी किमान सोळा वर्षांची आणि मुलगा पंचवीस वर्षांचा असायला हवा. आर्य समाजाचा हा संस्कार हरबिलासजींवर आयुष्यभर राहिला. १८८८ साली ते बी. ए. झाले, काही काळ शिक्षक होते आणि मग अजमेरच्या न्यायखात्यात गेले. मधल्या काळात जैसलमेरच्या राजाचे पालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे १९२५ साली ते जोधपूरच्या मुख्य न्यायालयात वरिष्ठ न्यायाधीश झाले. म्हणजे वाळवंटाचा मुलूख त्यांना चांगला माहीत होता.

त्या मुलखातल्या गावांमध्ये अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिथल्या 'आखा तीज'ला, लहान मुलांची लग्ने लावण्याची प्रथा होती. त्या दिवशी वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही. दुष्काळी प्रदेश आणि हातात पैसा कमी, म्हणून मोठ्या मुलीच्या मांडवातच धाकट्या बहिणींनाही उजवून टाकत. घरात कोणी वारले की तेराव्याच्या जेवणाला सगळी जात जमायची, त्याच खर्चात मुलांची लग्ने उरकत. मुलगी सासरी जायची ती काही वर्षांनी, 'गौना' झाल्यावर. पण मधल्या काळात तो मुलगा देवीने किंवा तापाने गेला, तर ती जन्माची विधवा. तेव्हाच्या जनगणनेत एक वर्षही पूर्ण न झालेल्या विधवांची नोंद सापडते!

समाजाने स्वतःहून काहीच केले नाही असे मात्र नाही. १८८०च्या दशकाच्या अखेरीस कर्नल वॉल्टर या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने राजपुतांची हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने लग्नाच्या खर्चावर मर्यादा घातली आणि मुलासाठी १८ व मुलीसाठी १४ ही वये ठरवली. पण हा नियम काही ठरावीक जातींपुरताच होता. इकडे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तोही फक्त त्यांच्या संस्थानात.

१९२४ साली हरबिलासजी मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले आणि १९२७ साली त्यांनी आपले विधेयक मांडले. त्याच वर्षी पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. या परिषदेच्या स्त्रियांनी विधेयकाच्या बाजूने जोरदार मोहीम उघडली. सनातनी मंडळींनी धर्म बुडाल्याची ओरड केली. सरकारने मग चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. समितीने देशभर शेकडो साक्षी घेतल्या आणि मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ असावे अशी शिफारस केली. सप्टेंबर १९२९मध्ये कायदा मंजूर झाला. मुलीसाठी १४, मुलासाठी १८, आणि सर्व धर्मांना लागू.

पण त्यासाठी हरबिलासजींना मोठी तडजोड करावी लागली. त्यांच्या मूळ मसुद्यात असे लग्नच बेकायदा, म्हणजे झालेच नाही असे मानायचे होते. अंतिम कायद्यात शिक्षा आली, पण लग्न कायम राहिले. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर पहिले व्हर्जन बाहेर पडावे म्हणून सर्वांत महत्त्वाचे फीचर काढून टाकले! शिवाय पोलिसांना स्वतःहून काही करता येत नव्हते. कोणीतरी कोर्टात तक्रार करायची, तीही वर्षाच्या आत, आणि त्यासाठी शंभर रुपयांपर्यंत हमी मागितली जाई. गावात राहून भावकीविरुद्ध असे कोण करणार? कायदा १ एप्रिल १९३० रोजी लागू होणार होता. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने अक्षरशः पाळण्यातली लग्ने लावून टाकली. आणि खुद्द जोधपूर, जैसलमेर ही संस्थाने असल्याने तिथे हा कायदा लागूच झाला नाही.

हरबिलासजी २० जानेवारी १९५५ रोजी वारले. इतिहासाची पुस्तके, दयानंदांचे चरित्र असे बरेच लेखन त्यांनी केले, पण नाव राहिले ते कायद्यामुळेच. मुलीचे वय १९४९ साली १५ झाले आणि १९७८ साली १८. २००६च्या नव्या कायद्याने पोलिसांना थेट कारवाईचा अधिकार मिळाला आणि बालपणी झालेले लग्न रद्द करून घेण्याची सोयही आली. २०१२ साली जोधपूरच्या एका तरुणीने आपण एक वर्षाची असताना लागलेले लग्न कोर्टातून रद्द करून घेतले. हरबिलासजींना १९२९ साली जे सोडून द्यावे लागले, ते त्यांच्याच मुलखातल्या मुलीने ८३ वर्षांनी मिळवले.

मधली वाट सोपी नव्हती. १९९२ साली जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावात साथिन भंवरीदेवींनी एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तक्रार करणाऱ्याला काय किंमत द्यावी लागते, ते यावरून कळते. म्हणूनच आता एकट्यादुकट्यावर भार न टाकता आखा तीजच्या आधी हलवाई, बँडवाले, मंडपवाले, भटजी अशा सगळ्यांनाच बजावले जाते. पत्रिका छापणाऱ्यांना वयाचा पुरावा मागायला सांगितले जाते. फरक पडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राजस्थानात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६मध्ये ६५.२ टक्के होते, ते २०१९-२१मध्ये २५.४ टक्क्यांवर आले.

पण मंडळी, त्याच पाहणीत आपल्या महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के आहे! आपण परदेशात असलो तरी गावाकडून पत्रिका येतात, लग्नासाठी मदत मागणारे फोन येतात. पैसे पाठवण्याआधी मुलीचे वय जरूर विचारू या. ते कमी वाटले तर ग्रामपंचायतीचे अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिथल्या नातेवाइकांना सांगू या. भावकीविरुद्ध तोंड उघडणे आपल्याला दूर राहून थोडे तरी सोपे जाते. तेवढे आपण नक्कीच करू शकतो.