स्टार्ली यांनी सोडवलेली गाठ

चिखलात रुतलेल्या ट्रकचे एक मागचे चाक जागीच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म हलत नाही. ड्रायव्हर वैतागतो. याला कारण असते अ‍ॅक्सलच्या मधोमध बसलेले डिफरन्शियल. ते सायकलींच्या दुनियेत आणणारे जेम्स स्टार्ली कोणत्याही इंजिनीअरिंग कॉलेजात गेलेले नव्हते. ते माळीकाम करत.

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात शेतकरी कुटुंबात १८३० साली त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षापासून ते शेतात राबू लागले. पुढे घर सोडून लंडनकडे गेले आणि जॉन पेन या इंजिने बनवणाऱ्या कारखानदाराच्या बागेत कामाला लागले. मालकाच्या घरचे महागडे शिलाई यंत्र बिघडले, ते या माळ्याने दुरुस्त केले. त्यातून शिलाई यंत्रांच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि १८६१ च्या सुमारास जोसाया टर्नर यांच्यासोबत त्यांनी कॉव्हेंट्रीत उद्योग मांडला. काही वर्षांत तेथे सायकलीही बनू लागल्या. चाकाच्या तारा तिरप्या, एकमेकींना छेदून ओवण्याचे १८७४ चे पेटंट त्यांचेच. आपल्या सायकलींच्या तारा आजही तशाच असतात.

१८७७ मधली हकीकत मात्र खड्ड्यात पडण्याची आहे. शेजारी शेजारी बसून दोघांनी चालवायची गाडी त्यांनी बनवली होती. प्रत्येकाने आपापल्या बाजूचे चाक फिरवायचे. एका बाजूला स्वतः स्टार्ली, दुसऱ्या बाजूला मुलगा विल्यम. तरण्या मुलाचा जोर जास्त, त्यामुळे गाडी बापाच्या बाजूला वळत गेली आणि दोघेही रस्त्याकडेला आडवे झाले. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट जोडली असती तर ती सारख्याच वेगाने फिरली असती, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. मग एक चाक फरफटले असते. स्टार्ली यांनी मध्ये गिअर घातले. दोन्ही चाकांना जोर सारखा, वेग मात्र ज्याचा त्याला. फ्रान्समध्ये ही कल्पना अर्धशतक आधी सुचली होती, पण सायकलीवर ती पोचवली स्टार्ली यांनी.

या ‘सारखा जोर’ मध्येच चिखलातली अडचण आहे. घसरणाऱ्या चाकाला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तितकाच कमी मिळतो. यावर स्पूल हा सर्वांत रांगडा उपाय. डिफरन्शियलचे गिअर काढून तेथे एक भरीव तुकडा बसवायचा, म्हणजे दोन्ही चाके कायमची एकत्र बांधली जातात. स्वस्त, मजबूत, आत बिघडण्यासारखे काही नाही. पण डांबरी रस्त्यावर टायर झिजतात, अ‍ॅक्सलच्या दांड्यांवर ताण येतो, गाडी वळायला कुरकुरते आणि ओल्या वळणावर मागचा भाग घसरू शकतो. लॉकर हवे तेव्हाच दोन्ही बाजू जखडतो. हवेच्या दाबाने किंवा विजेवर चालणारा लॉकर ड्रायव्हर बटणाने लावतो, काही लॉकर आपोआप काम करतात. तो महाग, त्यात भागही जास्त. तरी ज्या ट्रकला रोज रस्त्यावरून घरी यायचे आहे, त्याला लॉकरच हवा. स्पूल शोभतो तो दुसऱ्या गाडीवर लादून फक्त खडकात, चिखलात नेल्या जाणाऱ्या ट्रकला.

स्टार्ली यांच्या तीनचाकीची मागणी खुद्द राणी व्हिक्टोरियाकडून आली. पण त्याच सुमारास कर्करोगाने त्यांना गाठले होते. १७ जून १८८१ रोजी, जेमतेम पन्नाशी ओलांडलेली असताना ते गेले. चार वर्षांनी जर्मनीत कार्ल बेन्झ यांची तीनचाकी मोटार उभी राहिली, तिच्यात डिफरन्शियल होते.