विस्मरणाच्या आजाराला नाव देणारा डॉक्टर

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर आणि मोतीबिंदूची तपासणी करून घेण्यास सहसा कोणी नकार देत नाही. स्मरणशक्तीच्या तपासणीचे नाव काढले, की मात्र अनेकांची पावले मागे सरतात. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारखे तालुक्याचे गाव असो वा पुणे-मुंबई, भीती एकच असते. उत्तर चुकले तर डोके ठिकाणावर नसल्याचा शिक्का बसेल आणि घरातला शब्द जाईल. दुसरीकडे, साठी बुद्धी नाठी ही म्हण पिढ्यानपिढ्या कानावर पडत आल्याने विस्मरण हा आजार असू शकतो, हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. या दोन्ही समजुतींकडे पाहताना ज्याच्या नावाने हा आजार जगभर ओळखला जातो, त्या आलॉइस अल्झायमर यांचे जीवन जाणून घेण्यासारखे आहे.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्कटब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. वैद्यकाचे शिक्षण संपवून १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. त्या रुग्णालयाचे प्रमुख एमिल सिओली यांनी मात्र तेथे मोकळ्या उपचारांचा पुरस्कार केला. फ्रान्झ निस्ल हे सहकारी मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याच्या तंत्रात निष्णात होते. रुग्णाशी शांतपणे बोलणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा अभ्यास करणे, ही दोन्ही कामे अल्झायमर यांनी येथेच आत्मसात केली.

१९०१ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचे ठरले. पत्नी सेसिली तीन लहान मुले मागे ठेवून निवर्तल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रेल्वेतील एका कारकुनाची पत्नी, ५१ वर्षांची ऑगस्टे, रुग्णालयात दाखल झाली. ती पतीवर विनाकारण संशय घेऊ लागली होती, स्वयंपाक बिघडवत होती, वस्तू लपवून ठेवत होती. अल्झायमर तिच्यापाशी बसले. त्यांनी तिला तिचे नाव विचारले, पतीचे नाव विचारले. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा साध्या वस्तू दाखवल्या. त्या तिने बरोबर ओळखल्या, पण थोड्या वेळाने त्यांची आठवण उरली नाही. पतीचे नाव विचारल्यावर तिने स्वतःचेच नाव सांगितले. आपण स्वतःला हरवून बसलो आहोत, ही जाणीव मात्र तिच्या बोलण्यातून प्रकट होत राहिली. अल्झायमर यांनी हे सारे प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली.

आजच्या स्मृतिचाचण्यांचे स्वरूप या प्रश्नांहून फारसे वेगळे नाही. वार कोणता, गाव कोणते, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या, असेच प्रश्न त्यांत असतात. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली अशी एक चाचणी जगभर पोहोचली. नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात तिचे हिंदी रूप सिद्ध झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या ज्येष्ठांनाही उत्तरे देता यावीत, अशी त्याची रचना आहे. अशी चाचणी ही शाळेतली परीक्षा नव्हे आणि तीत कमी गुण पडणे म्हणजे निदानही नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही गुण घटतात आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय करता येतो.

अल्झायमर पुढे म्युनिकला प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टेचे निधन झाल्यावर तिचा मेंदू त्यांनी तपासणीसाठी मागवून घेतला. त्यात पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्यांना दिसला. नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ते ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफमध्ये, प्राध्यापक झाले. पण प्रकृती ढासळली आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. फ्रँकफर्टमध्ये पत्नीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. ऑगस्टेची हरवलेली कागदपत्रे तब्बल आठ दशकांनी, १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. तरीही लक्षणे नसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाची सरसकट तपासणी करावी काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. त्यासाठी पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२० मध्ये नमूद केले. म्हणजे ज्येष्ठांचा नकार नेहमीच अडाणीपणाचा नसतो. परंतु रोजची वाट चुकू लागली, पैशांचा हिशेब लागेनासा झाला, तर मात्र टाळाटाळ महागात पडते. नांदुऱ्याच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सातबारा, बँकेचे खाते, मृत्युपत्र हे सारे बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्याच हाती असते. आजार वेळीच कळला, तर त्यांविषयीचा निर्णय ते स्वतः घेऊ शकतात. उशीर झाला, तर तो निर्णय इतरांच्या हाती जातो. ऑगस्टेला तशी संधी मिळाली नव्हती.

पाहुण्यांसमोर आजोबांची परीक्षा घेणे आणि त्यांच्या संमतीने डॉक्टरांपुढे शांतपणे बसवणे, यांत मोठे अंतर आहे. रुग्णापाशी बसून धीराने विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे टिपून घ्यावे, हा धडा अल्झायमर यांनी १९०१ मध्येच घालून दिला होता. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी तो गिरवला, तर तपासणीच्या नावाने मागे सरणारी पावले कदाचित थांबतील.