आकाशातून पडलेल्या दगडांचा वकील

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गॅस्कनी प्रांतात बार्बोतां नावाचे गाव आहे. २४ जुलै १७९० च्या रात्री त्या परिसरावरून एक प्रखर अग्निगोल गेला, मोठा गडगडाट झाला आणि आसपासच्या शेतांत दगडांचा वर्षाव झाला. गावच्या नगराध्यक्षाने घडल्या प्रकाराचा रीतसर महजर केला आणि तीनशेहून अधिक लोकांनी त्याला साक्ष दिली. तो विद्वानांच्या एका नियतकालिकात छापूनही आला, पण थट्टेच्या सुरात. जे घडणे शक्यच नाही त्यावर एक अख्खे गाव शिक्कामोर्तब करते, याबद्दल संपादकाने खेद व्यक्त केला होता.

विद्वान मंडळी मूर्ख होती असे मात्र नाही. न्यूटनच्या गणिताने आखून दिलेल्या विश्वात ग्रह, त्यांचे चंद्र आणि धूमकेतू यांच्यामधला अवकाश रिकामा होता. तेथे दगडधोंडे तरंगत असतील ही कल्पनाच त्यांना अप्रस्तुत वाटे. आकाशातून दगड पडणे ही शकुन-अपशकुनांच्या जुन्या पोथ्यांतली गोष्ट मानली जाई आणि त्या पोथ्या मिटवून ठेवण्यासाठीच तर नवे विज्ञान उभे राहिले होते. १७६८ मध्ये ल्यूसे येथे शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेला दगड फ्रेंच अकादमीने तपासायला घेतला, तेव्हा समितीत खुद्द लाव्हाझिए होता. हा दगड जमिनीतलाच असून त्यावर वीज पडली असावी, असा निष्कर्ष निघाला. दगडाचे रासायनिक पृथक्करण झाले. ज्यांनी तो पडताना पाहिला त्यांच्या शब्दाला मात्र किंमत मिळाली नाही.

तो शब्द पुराव्यात धरायला तयार झालेला माणूस ना खगोलशास्त्रज्ञ होता, ना खनिजशास्त्रज्ञ. त्याच्याकडे पदवी होती ती कायद्याची.

एर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीडरिश क्लाड्नी यांचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. त्यांचे पूर्वज आजच्या स्लोव्हाकियातील क्रेम्निका गावचे. प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्या घराण्याला देश सोडावा लागला होता. वडील विटेनबर्ग विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते आणि मुलाच्या बाबतीत कमालीचे कडक. एकुलत्या एका मुलाला परवानगीवाचून घराबाहेर पडण्याचीही मुभा नसे. नकाशे आणि प्रवासवर्णने वाचत दूरच्या देशांची स्वप्ने पाहणाऱ्या या मुलाला वाद्य शिकायला मिळाले तेही एकोणिसाव्या वर्षी. वडिलांच्या आज्ञेवरून त्यांनी विटेनबर्ग आणि लाइपझिग येथे कायद्याचा अभ्यास केला आणि १७८२ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी वडील वारले आणि क्लाड्नींनी कायद्याची पुस्तके बाजूला ठेवली.

बाजूला ठेवली म्हणजे विसरले, असे मात्र झाले नाही. ते पुढे दिसेलच.

आधी वळले ते नादाकडे. पितळेच्या किंवा काचेच्या पातळ तबकडीवर बारीक वाळू भुरभुरायची आणि तबकडीच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. तबकडी नाद देऊ लागली की वाळू थरथरत सरकते आणि जेथे कंप नाही त्या रेषांवर जाऊन थांबते. डोळ्यांपुढे चांदण्या, जाळ्या, वर्तुळे उमटतात. बोटाची जागा बदलली की सूर बदलतो आणि आकृतीही बदलते. १७८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने ध्वनी डोळ्यांना दिसेल असा केला. आज शाळांच्या प्रयोगशाळांतही या आकृत्या क्लाड्नींच्याच नावाने ओळखल्या जातात.

कीर्ती झाली, नोकरी मात्र मिळाली नाही. एकाही विद्यापीठाने त्यांना कधी आसन दिले नाही. ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या घासून वाजवायचे ‘युफोन’ आणि फिरत्या काचेच्या नळकांड्यावर चालणारे ‘क्लाव्हिसिलिंडर’ ही स्वतः घडवलेली वाद्ये गाडीत घालून ते गावोगाव हिंडत. तिकीट लावून वाद्ये वाजवायची, वाळूच्या आकृत्या दाखवायच्या, व्याख्यान द्यायचे आणि पुढचे शहर गाठायचे. कीर्तनकाराच्या बिदागीसारखे हे उत्पन्न. आज आहे, उद्याची खात्री नाही. पण या भटकंतीचा एक मोठा लाभ झाला. ज्या शहरी जातील तेथली ग्रंथालये आणि खनिजसंग्रह त्यांना खुले होत.

१७९३ च्या आरंभी अशाच एका दौऱ्यात ते गॉटिंगेनला पोहोचले. तेथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग यांनी विजेच्या भारामुळे धुळीत उमटणाऱ्या आकृत्या शोधल्या होत्या आणि क्लाड्नींना वाळूची युक्ती सुचली होती ती त्यांवरूनच. लिख्टेनबर्ग यांनी नोव्हेंबर १७९१ मध्ये स्वतः एक अग्निगोल पाहिला होता. बोलण्याच्या ओघात क्लाड्नींनी त्याविषयी खोदून विचारले. हे प्रकार वातावरणातल्या विजेचे म्हणावेत तर तसे दिसत नाहीत, कदाचित त्यांचे मूळ पृथ्वीबाहेर असेल, अशा आशयाचे काहीतरी प्राध्यापकमहाशय बोलून गेले. बोलणाऱ्याने ते सहज सोडून दिले, ऐकणाऱ्याने नाही.

क्लाड्नींनी गॉटिंगेनचा मुक्काम सुमारे तीन आठवडे वाढवला आणि तेथील समृद्ध ग्रंथालयात ठाण मांडले. जुनी बखरवजा वृत्ते, चर्चच्या नोंदी, अकादम्यांची इतिवृत्ते त्यांनी चाळून काढली. सुमारे वीस अग्निगोलांची आणि जवळपास तितक्याच दगड वा लोखंड पडल्याच्या घटनांची विश्वसनीय वाटणारी वर्णने त्यांनी वेचली. आणि येथे विटेनबर्गचा कायदेपंडित जागा झाला. साक्षीदार कोण? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? खोटे बोलून त्याचा काही लाभ होता काय? दोन साक्षी एकमेकींशी जुळतात काय? भौतिकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले हे प्रश्न होते.

उत्तर एकच येत होते. निरनिराळ्या शतकांतली, निरनिराळ्या देशांतली, एकमेकांचे नावही न ऐकलेली साधी माणसे तेच सांगत होती: आधी प्रकाश, मग स्फोट, मग सणसणाट, आणि मग जमिनीत रुतलेला, वरून काळा पडलेला दगड. क्रोएशियातील ह्राश्चिना येथे १७५१ मध्ये लोखंडाचे दोन गोळे पडले, तेव्हा झाग्रेबच्या धर्मपीठाने साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेतल्या होत्या. व्हिएन्नातल्या विद्वानांनी पुढे त्या हसण्यावारी नेल्या. क्लाड्नींना मात्र त्या जबान्या कोणत्याही न्यायालयात टिकतील अशा वाटल्या. इतके लोक एकच खोटे इतक्या सारखेपणाने रचू शकत नाहीत, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता.

केवळ साक्षींवर ते विसंबले नाहीत. अग्निगोलांच्या उंचीचे आणि वेगाचे जे अंदाज उपलब्ध होते, त्यांवरून ते हवेच्या फार वरच्या थरांत दिसू लागतात आणि त्यांचा वेग पृथ्वीवरल्या कोणत्याही फेकलेल्या वस्तूच्या कितीतरी पट असतो हे उघड होते. वीज किंवा पेटलेला वायू असा मार्गक्रमण करणार नाही. घन पदार्थच करील. तो बाहेरून येतो आणि हवेच्या घर्षणाने तापून पेटतो. दुसरा पुरावा सैबेरियातला. क्रास्नोयार्स्कजवळच्या एका डोंगरावर याकोव मेदवेदेव या लोहाराला १७४९ मध्ये सुमारे ७०० किलो वजनाचा लोखंडाचा गोळा आढळला होता. पीटर सायमन पल्लास या निसर्ग-अभ्यासकाने तो पुढे युरोपला परिचित करून दिला. आजूबाजूला ज्वालामुखी नाही, भट्टीत एवढा गोळा ओतणे शक्य नाही, आणि लोखंडाच्या जाळीत ऑलिव्हीनचे पिवळसर पारदर्शक खडे बसलेले. स्थानिक तातार लोक तो आकाशातून पडलेला म्हणून पवित्र मानीत. क्लाड्नींच्या मते तातारांचेच म्हणणे बरोबर होते.

१७९४ मध्ये रिगा येथून त्यांचे ६३ पानांचे पुस्तक निघाले. लोखंडाचे हे गोळे, पडणारे दगड आणि अग्निगोल एकच होत. ते अवकाशातून येतात. आणि एक तर ग्रह घडताना उरलेला किंवा एखादे जग फुटून विखुरलेला तो माल आहे, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे मांडले.

स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येते. स्वतः लिख्टेनबर्ग यांनाही हे पुस्तक वाचून आपल्याच डोक्यात तसला एक दगड बसल्यासारखे वाटले आणि क्लाड्नींनी ते लिहिले नसते तर बरे झाले असते, असे त्यांनी म्हटले. काहींनी लेखकाला वेड्यात काढले, काहींनी त्याच्यावर विश्वाची घडी मोडण्याचा आरोप केला. वाळूच्या आकृत्या दाखवून पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नाव बदनाम होणे म्हणजे तिकिटे न खपणे. त्यांच्याजवळ विद्यापीठाचे कवच नव्हते, तरी त्यांनी एक अक्षरही मागे घेतले नाही.

पुढची काही वर्षे जणू आकाशच त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. जून १७९४ मध्ये इटलीत सिएना येथे दगड पडले. डिसेंबर १७९५ मध्ये इंग्लंडात यॉर्कशरच्या वोल्ड कॉटेज येथे सुमारे २५ किलोचा दगड एका शेतमजुराजवळ कोसळला. आणि १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री बनारसजवळच्या क्राखुत गावी भर चांदण्यांच्या निरभ्र आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. एक दगड एका चौकीदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत जमिनीत रुतला. बनारसमधील इंग्रज रहिवासी जॉन लॉइड विल्यम्स यांनी चौकशी करून हकीकत आणि नमुने विलायतेला पाठवले. लंडनमध्ये रसायनतज्ज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी बनारस, सिएना, यॉर्कशर आणि बोहेमिया येथील दगड शेजारी ठेवून तपासले. त्यांतील धातूच्या कणांत निकेल होते. पल्लासच्या सैबेरियन लोखंडातही निकेल होते. हजारो कोसांच्या अंतरावरचे दगड एकाच कुळातले निघाले. हॉवर्ड यांचा शोधनिबंध १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याच रॉयल सोसायटीने आणखी एक हिंदुस्थानी कागद छापला: १६२१ मध्ये जालंधर परगण्यात पडलेल्या लोखंडाची बादशहा जहांगीराने आपल्या रोजनिशीत करून ठेवलेली नोंद. ते लोखंड १६० तोळे भरले होते. नुसते ते हातोड्याखाली टिकेना, म्हणून त्यात साधे लोखंड मिसळून बादशहाने तलवारी, खंजीर आणि सुरी करवून घेतली. युरोप ज्या गोष्टीवर वाद घालत होता, तिची जहांगीराच्या दरबारी दोन शतके आधी नोंद झाली होती, वजनासकट.

उरलासुरला संशय २६ एप्रिल १८०३ ला फिटला. नॉर्मंडीतील लेग्ल येथे दोन-तीन हजार दगड पडले आणि सरकारने झां-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला चौकशीस धाडले. बियो गावोगाव फिरला, शेतकऱ्यांना, पाद्र्यांना, बायाबापड्यांना विचारत राहिला आणि दगड पडलेले लंबवर्तुळ त्याने नकाशावर आखून दाखवले. म्हणजे अखेर फ्रेंच अकादमीनेही क्लाड्नींचीच पद्धत पत्करली. बार्बोतांच्या गावकऱ्यांची माफी मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.

दगड पडतात हे मान्य झाले. येतात कोठून हे नाही. लाप्लाससारख्या थोर गणितज्ञाला ते चंद्रावरच्या ज्वालामुखींनी फेकलेले असावेत असे वाटे, कारण दुर्बिणीतून दिसणारी चंद्राची विवरे त्या काळी ज्वालामुखींचीच मुखे समजली जात. १८०५ च्या सुमारास खुद्द क्लाड्नींनीही या मताला मान तुकवली आणि तपाहून अधिक काळ ते त्याला धरून राहिले. त्यांच्या चरित्रातली ही एकमेव माघार. १८१९ मध्ये व्हिएन्नाहून निघालेल्या अग्निगोलांवरच्या बृहद्ग्रंथात ते पुन्हा आपल्या मूळ मतावर आले. काही थोडे उल्कापाषाण खरोखरच चंद्रावरून येतात, हे १९८२ मध्ये अंटार्क्टिकातल्या एका नमुन्यावरून सिद्ध झाले, पण ते ज्वालामुखीने उडवलेले नव्हेत, दुसऱ्या आघाताने उडालेले. आघाताने विवर होते हे पटायलाच विसावे शतक उजाडावे लागले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये पाहिले, तेव्हा क्लाड्नी हयात होते. तरी ते १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पुढे दीर्घकाळ ज्वालामुखीचेच मानले गेले. तेथील खडकांवरच्या आघाताच्या खुणा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूच्या मध्यभागी, सायनस मेडी या सपाट प्रदेशाच्या कडेला, एका लहान विवराला आज क्लाड्नींचे नाव आहे. त्याच प्रदेशात नोव्हेंबर १९६७ मध्ये उतरलेल्या सर्व्हेयर-६ यानाने सुमारे ३० हजार छायाचित्रे पाठवली.

राजाश्रय म्हणावा असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात एकदाच आला. १८०९ मध्ये पॅरिसच्या तुइलेरी राजवाड्यात त्यांनी नेपोलियनला वाळूच्या आकृत्या दाखवल्या. बादशहाने खूश होऊन ध्वनिशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणण्यासाठी ६००० फ्रँक दिले, आणि या आकृत्यांचे गणित सोडवणाऱ्यास पारितोषिक जाहीर झाले. ते १८१६ मध्ये सोफी जेर्में या विदुषीने मिळवले. पण त्याच नेपोलियनच्या युद्धांनी विटेनबर्ग उद्ध्वस्त झाले आणि क्लाड्नींना जवळच्या केम्बेर्ग या लहान गावी बिऱ्हाड हलवावे लागले.

त्यांनी लग्न केले नाही. शेवटपर्यंत ते प्रवासच करीत राहिले. फरक इतकाच की आता गाडीत वाद्यांबरोबर दगडही असत. व्याख्यानात ते उल्कापाषाणांचे तुकडे श्रोत्यांच्या हाती देत. दौऱ्यावर असतानाच ब्रेस्लाउ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरी, ३ एप्रिल १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. चाळीसच्या आसपास नमुन्यांचा आपला उल्कापाषाणांचा संग्रह त्यांनी मृत्युपत्राने बर्लिन विद्यापीठाच्या खनिजसंग्रहालयाला देऊन ठेवला होता.