पाषाणातून पटावर : अमृता शेरगिल

वेरूळ आपल्या इतके जवळ असता तेथील शिल्पाकडे कसे पाहावे हे एका परप्रांतीय तरुणीने आपणांस दाखवावे, ही थोडी लाजेची गोष्ट आहे. म्हणूनच चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे अल्पचरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंह हे मजिठिया घराण्यातील विद्याव्यासंगी शीख सरदार, आई हंगेरियन. सोळाव्या वर्षी अमृताबाई पॅरिसला शिकावयास गेल्या आणि १९३३ साली तेथील ग्रँड सलोंच्या सहयोगी सभासद निवडल्या गेल्या. विसाव्या वर्षी एवढा मान! परंतु पॅरिसच्या गिमे संग्रहालयातील एखादा लहानसा शिल्पखंडही त्यांना युरोपच्या साऱ्या प्रबोधनकालीन कलेहून मोलाचा वाटू लागला, व तसे त्यांनी आईवडिलांस कळविले. १९३४ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या.

१९३६ च्या अखेरीस मुंबईस आल्या असता त्यांनी अजिंठा व वेरूळ पाहिले आणि पुढे दक्षिणेकडे प्रयाण केले. त्या काळी बंगाली संप्रदायाचे अनेक चित्रकार अजिंठ्याचे लांबट डोळे व नाजूक बोटे जलरंगात उतरवीत. अमृताबाईंच्या मते ती केवळ वरवरची नक्कल होती. त्यांनी प्राचीन कलेतून घेतला तो आकारांचा भरीवपणा, रेषेचा संयम व देहाची स्थिरता. आणि हे सर्व पाश्चात्त्य तैलरंगांत मांडले. १९३७ मधील ‘ब्रह्मचारी’ या चित्रात देव नाही, अलंकार नाही. साधे पाच बटू आहेत. तरी ते शिलापट्टावर कोरल्यासारखे निश्चल दिसतात.

आम्हीही शाळेच्या सहली वेरुळास अनेकदा नेल्या. लेण्यांचे क्रमांक व राजवंशांची नावे मुलांकडून घोकून घेतली. मूर्तीचा भार कोणत्या पायावर तोलला आहे, हे मात्र ना आम्ही पाहिले, ना मुलांस दाखविले.

१९३८ साली त्यांनी मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह केला व गोरखपूरनजीक सराया येथे वास्तव्य केले. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे, प्रदर्शनाची सिद्धता चालू असतानाच, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. हयातीत त्यांच्या चित्रांस गिऱ्हाईक क्वचितच मिळे. २०२३ साली मात्र त्यांचे १९३७ मधील एक चित्र ६१.८ कोटी रुपयांस गेले. ‘ब्रह्मचारी’ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रही आहे. तिकडे जाणाऱ्यांनी वाटेत वेरूळ पुन्हा एकदा, सावकाश, पाहून जावे.