फादर थॉमस स्टीफन्स : मराठीत रमलेला परदेशी



मार्च महिन्याची 17 तारीख आपल्या उपासना दिनदर्शिकेत संत पॅट्रिकचा स्मृतिदिन म्हणून येते. केजमध्ये हा दिवस येतो आणि जातो. उपवासकाळ चालू असतो, परीक्षा तोंडावर असतात आणि ऊसतोडीला गेलेली आपली माणसे परतण्याच्या वाटेवर असतात. अमेरिकेत मात्र या दिवशी रस्ते हिरवे होतात. न्यूयॉर्क शहरात संत पॅट्रिकची मिरवणूक पहिल्यांदा 1762 साली निघाली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधी. शिकागो शहरात 1962 पासून नदीचे पाणी हिरवे केले जाते. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे 10 लाख माणसे मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. त्यातले पुष्कळ अमेरिकेत गेले. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांबरोबर, ज्यांचा आयर्लंडशी काही संबंध नाही असे शेजारीही हिरवे कपडे घालून नाचतात, गातात.

यात गंमत अशी, की संत पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हतेच. पाचव्या शतकातले ते ब्रिटनचे. सोळाव्या वर्षी चाचे त्यांना पकडून आयर्लंडला घेऊन गेले. तेथे सहा वर्षे त्यांनी गुलाम म्हणून गुरे-मेंढरे राखली. सुटून घरी आले आणि पुढे बिशप होऊन त्याच लोकांकडे परत गेले. ज्यांनी गुलाम केले, त्यांनाच त्यांनी आपले मानले.

हे वाचताना आम्हांला ब्रिटनच्याच दुसऱ्या एका माणसाची आठवण झाली. तो आपल्या देशात आला, आपल्या भाषेत रमला आणि येथेच मातीआड झाला. त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. तरी त्याचे जीवन आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून या रविवारी फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणे कठीण झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा, असे त्यांनी ठरवले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढची जवळजवळ 30 वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. 1575 साली ते येशूसंघात दाखल झाले.

आता मायदेशी परतणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे होते. 1581 साली लंडनमध्ये फादर एडमंड कॅम्पियन या येशूसंघीय धर्मगुरूंना फाशी देण्यात आली, यावरून तेव्हाची परिस्थिती कळून येते. स्टीफन्स यांनी पूर्वेकडे जाण्याची परवानगी मिळवली. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांचा प्रवास! वाटेत कुठे वारा पडला, कुठे वादळ उठले, माणसे आजारी पडली. गोव्याला उतरल्यावर त्यांनी वडिलांना लिहिलेले सविस्तर पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यास तेव्हा अजून 21 वर्षे बाकी होती.

गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि साष्टी भागात त्यांचे कार्य सुरू झाले. आयुष्याची उरलेली जवळजवळ 40 वर्षे त्यांनी मुख्यतः याच मुलखात घालवली.

हा मुलूख तेव्हा दुखावलेला होता, हे आपण विसरता कामा नये. स्टीफन्स येण्यापूर्वी, 1567 साली, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या मनात राग धुमसत होता. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी गावात त्याचा स्फोट झाला. गावकऱ्यांनी फादर रुडॉल्फ अक्वाविव्हा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी यांना ठार मारले. काही स्थानिक ख्रिस्ती माणसेही त्यांच्याबरोबर मारली गेली. अक्वाविव्हा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. दोन्हीकडे रक्त सांडले. ख्रिस्तसभेने आपल्या पाच पुत्रांना 1893 साली धन्यवादित घोषित केले आणि त्यांचा आदर आपण करतोच. पण त्या गावावर काय गुदरले, तेही आपण प्रामाणिकपणे आठवले पाहिजे.

मारले गेलेले हे पाच जण स्टीफन्स यांचे सहकारी होते. या लोकांपासून दूर राहावे, असे त्यांना वाटले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात ते येथील भाषांचे कौतुक करतात. या भाषा ऐकायला गोड आहेत आणि त्यांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे ते कळवतात. हेच साम्य सर विल्यम जोन्स यांनी जगासमोर मांडले ते 1786 साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. सूड पेटलेल्या त्या वर्षात हा माणूस शेजाऱ्यांची भाषा कान देऊन ऐकत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यात चार इंग्रज प्रवासी कैद झाले. त्यांत राल्फ फिच नावाचा व्यापारी होता. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. ते कॅथलिक नव्हते आणि ज्या देशात स्टीफन्स यांना थारा नव्हता त्या देशाचे होते. तरी देशबांधव म्हणून ते धावून गेले. मराठीवर प्रेम करायला त्यांना आपले इंग्रजपण पुसून टाकावे लागले नाही.

आता त्यांच्या मोठ्या कार्याकडे येऊ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या जागी काहीच दिले गेले नव्हते. संध्याकाळी अंगणात बसून गायचे काय, आळवायचे काय? ही उणीव लोकांनी बोलून दाखवली, असा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथातच रंगवला आहे. त्यांनी ती तक्रार मनावर घेतली. बायबलचा नुसता तर्जुमा करून ते थांबले नाहीत. त्यांनी एक पुराणच रचले आणि तेही ओवीत.

ही ओवी कुठची? आपल्याच मराठी संतांची. शेजारच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा विवेकसिंधु हा मराठीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. ज्ञानेश्वरी 1290 सालची. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर एकाच वर्षाने, 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अंबाजोगाईचे दासोपंत 1551 साली जन्मले, म्हणजे स्टीफन्स यांच्याहून ते अवघ्या दोन वर्षांनी लहान. दासोपंत लांबलचक कापडावर आपली पासोडी लिहीत होते, त्याच काळात एक इंग्रज धर्मगुरू साष्टीत बसून ओव्या जुळवत होता. हे आठवले की आम्हांला फार नवल वाटते. दोघांची गाठ पडली नाही, पण दोघांची ओवी एकच होती.

स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापून झाले. सुमारे 11,000 ओव्या आणि दोन भाग. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी तिला दगडांतील रत्नाची, फुलांतील मोगऱ्याची, सुगंधी वस्तूंतील कस्तुरीची उपमा दिली. मराठीची इतकी मनमोकळी स्तुती आपल्या घरच्या माणसांनीही थोडीच केली आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा ओळखीचा शब्द वापरायला ते कचरले नाहीत. प्रस्तावनेत ते आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगतात. शुद्ध मराठी सामान्य माणसाला समजायला जड जाते, म्हणून आपण तिच्यात लोकांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्यांचा खुलासा आहे. विद्वानांनी वाहवा करावी यापेक्षा ओसरीवरच्या बाईला कळावे, ही त्यांची ओढ होती.

त्यांची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी 1622 साली आणि कोकणी भाषेचे व्याकरण 1640 साली छापले गेले. दोन्ही पुस्तके पाहायला ते उरले नव्हते. 1619 साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, साष्टीतच त्यांनी देह ठेवला.

पुढची कथा दुःखाची आणि आशेचीही आहे. ख्रिस्तपुराण 1649 व 1654 साली पुन्हा छापले गेले. पण 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. स्टीफन्स यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांना त्यांचे प्रेम कळले नाही. तरीही लोकांनी हाताने नकला करून आणि तोंडाने गाऊन ग्रंथ जिवंत ठेवला. 1907 साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला तो नव्याने छापला. 1956 साली शांताराम बंडेलू यांच्यामुळे पुण्यातून तो देवनागरीत आला आणि 1996 साली कॅरिदाद द्राग यांनी त्याची नवी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. मराठी माणसाला त्याचे पुराण मराठी लिपीत मिळायला 340 वर्षे लागली.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या सणात एक दिवस सामील होणे सोपे असते. हिरवा सदरा घालावा, नाचावे, गोडधोड खावे आणि घरी यावे. यातही वाईट काही नाही, कारण शेजाऱ्याच्या आनंदाने आनंदित होणे हाही प्रेमाचाच भाग आहे. पण स्टीफन्स पाहुणे म्हणून थांबले नाहीत. ते विद्यार्थी झाले आणि शिकून झाल्यावर त्या घरात स्वतःची भर घालून गेले. तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ज्ञानाचे प्रकार पाठ केले होते. पण माणसाला ओळखायचे तर आधी त्याच्या बोलीत ऐकावे लागते, हे आम्हांला पुस्तकांनी शिकवले नाही.

ते कोणी शिकवले, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर आम्ही घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर घरातल्या आजी जात्यावरच्या चालीत ओव्या गाऊ लागल्या. मरियामाय बाळाला न्हाऊ घालते, असे काहीसे त्यांत होते. आम्हांला पुढच्या गावी मिस्सासाठी जायचे होते. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि आवरते घ्यायला सांगितले. आजी पदर सावरून हसल्या आणि गप्प झाल्या. पुढच्या वर्षी त्या देवाघरी गेल्या. त्यांच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नव्हत्या. साडेसहा महिने समुद्रावर काढून आलेला इंग्रज ज्या ओवीसाठी खाली बसला, तिच्यासाठी आम्हांला दहा मिनिटे मिळाली नाहीत. ही खंत आमच्या मनातून जात नाही.

आपल्यातील तरुण कधी कधी विचारतात, की आपण ख्रिस्ती झालो म्हणजे पोळा, दिवाळीचा फराळ, ओवी, हलगी हे आपले राहिले की नाही? उपासना आपण एका परमेश्वराचीच करतो, त्यात तडजोड नाही. पण भाषा, गाणे, बैलाची माया आणि शेजाऱ्याच्या दारातला आनंद या गोष्टी आपल्यालाही मिळालेला वारसा आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते नाकारू नये, असेच शिकवले आहे. आज आपण मिस्सा मराठीत अर्पण करतो, तेही त्या परिषदेनंतरच शक्य झाले.

आपली किती तरी कुटुंबे परक्या मुलखात, उसाच्या फडात, कोपीत नाताळ साजरा करून येतात. परके असणे म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायला नको. ती माणसे लवकरच घरी येतील. त्यांच्या आया-आज्यांना येशूची, मरियेची, नाताळची एखादी ओवी येत असेल, तर मुलांनो, ती वहीत लिहून आणा. चाल विसरू नये म्हणून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. येत्या ईस्टरला मिस्सा संपल्यावर त्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐकू. त्या दिवशी घड्याळाकडे पाहणार नाही, एवढे वचन आम्ही देतो.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू