महर्षी कर्वे आणि पदवीचे विषय

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १८९१ ते १९१४ गणित शिकवले. १९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी, गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र सर्वांना सक्तीचे, आणि स्वतःचे गणित मात्र ऐच्छिक! मुलींची पदवी हलकी केली, अशी टीका झाली. पण पदवी रोजच्या जगण्यात उपयोगी पडावी, हा त्यांचा आग्रह होता. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळाले.

आपल्या लालबागेतली मुले कॉलेजातल्या आधार पाठ्यक्रमाला कंटाळतात, तेव्हा आम्हांला अण्णा आठवतात. कोणता विषय सर्वांना हवा आणि का, यावर घरोघरी मुलांशी जरूर बोलावे.